आईबरोबर कयाकने एबल टास्मन : भरती-ओहोटीच्या तालावर चार दिवस

न्यूझीलंडहून येऊन तीन आठवडे झाले, तळहातावरचे फोडही गेले, आता लिहून काढते नाहीतर राहूनच जाईल.

आम्ही वेसाव्याचे. आजोबांची होडी होती, आता मामांची इंजिनाची बोट आहे. आईने पस्तीस वर्षं अंधेरीच्या बाजारात मासळी विकली. पण आमच्या घरात बायका मासेमारीला बोटीवर जात नाहीत, बोट बंदराला लागली की माल उतरवणं, निवडणं, विकणं, सुकवणं सगळं बायकांचं आणि पाण्यावर फक्त पुरुष. म्हणजे वयाच्या एकसष्टीपर्यंत आईचा पाण्यावरचा प्रवास काय, तर मढची फेरी आणि नारळी पुनवेला बोटीतून एक फेरफटका. मावसभाऊ ऑकलंडला असतो, त्याने खूप वर्षांपासून बोलावलं होतं, तेव्हा मी ठरवलं की जातोच आहोत तर आईला कयाकमध्ये, म्हणजे अरुंद लांबट होडीत, बसवून वल्हं हातात द्यायचं. तिला विचारलं तर म्हणाली, "पोरी, दर्या आपलाच असतो, कुठला का असंना."

जागा होती एबल टास्मन नॅशनल पार्क, दक्षिण बेटाच्या अगदी वरच्या टोकाला. न्यूझीलंडमधलं सगळ्यात छोटं राष्ट्रीय उद्यान, साधारण २३७ चौरस किलोमीटर, तरी आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या दुपटीहून मोठं. समुद्राला लागून जंगल, मधेमधे सोनेरी वाळूच्या पुळणी, आणि बहुतेक ठिकाणी गाडीरस्ता नाहीच. चालत जा, बोटीने जा, नाहीतर वल्हवत जा.

दिवस पहिला : नेल्सन

मुंबई ते ऑकलंड, मग छोट्या विमानाने नेल्सन, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एकच सांगते, सोबत खायचं काहीही असेल तर विमानतळाच्या फॉर्मवर "हो" लिहा. न सांगता नेलं आणि सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे. आईचा घरचा कोळी मसाला एक पाव किलो होता, तो आम्ही आधीच दाखवला. तिथल्या अधिकारी बाईंनी पिशवी उघडून वास घेतला, दोन प्रश्न विचारले आणि हसून परत दिला. सुके बोंबील मात्र मी मुंबईतच काढून ठेवायला लावले होते आणि त्यावरून आई सिंगापूरपर्यंत माझ्याशी नीट बोलली नाही.

नेल्सनच्या सुपरमार्केटमध्ये गेलो आणि आईचा राग गेला. तिथे जिवंत शिणाणे, म्हणजे एक प्रकारचे शिंपले, मोठ्या टाकीत ठेवलेले असतात, हवे तेवढे किलोवर घ्या. हिरव्या काठाचे, आपल्यापेक्षा मोठे. आईने एकेक हातात घेऊन उघडं आहे की मिटलेलं ते बघून निवडले, बाजूची दोन गोरी मुलं थांबून बघत होती, मग त्यांनी पण तसेच निवडायला सुरुवात केली. हॉस्टेलच्या किचनमध्ये आईने कांदा, लसूण, मसाला घालून सुकं केलं. सगळ्या मजल्यावर वास. एक चिलीची मुलगी प्लेट घेऊन आली आणि तिने तीन वेळा घेतलं.

दिवस दुसरा : माराहाऊ ते अँकरेज

नेल्सनहून माराहाऊ सव्वा तास. रस्त्यात मोटुएका लागतं, दोन्ही बाजूला सफरचंदाच्या बागा, फेब्रुवारी म्हणजे तोडणी नुकतीच सुरू झालेली. मोटुएकातच लिंबं, बटाटे, तांदूळ आणि शेगडीचा गॅस घेतला (गॅस विमानात चालत नाही, तिथेच घ्यायचा).

माराहाऊत पहिलं नवल म्हणजे ट्रॅक्टर. ओहोटीला तिथला समुद्र इतका लांब जातो की बोटी पाण्यापर्यंत न्यायला ट्रॅक्टर लागतो. लोक गावातच, ट्रेलरवरच्या बोटीत लाइफ जॅकेट घालून बसतात आणि ट्रॅक्टर त्यांना रस्त्यावरून ओढत नेतो. भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. आईला हे लगेच पटलं, आपल्याकडेही ओहोटीला बोटी गाळात बसलेल्या असतातच की.

कयाक भाड्याने देणाऱ्या बाईंनी नकाशा आणि भरतीचा तक्ता समोर ठेवला. त्या सांगायच्या आत आईने मला विचारलं, "आज तिथी काय?" मी फोनवर बघितलं, चतुर्दशी. ती म्हणाली, "चौदाची पाऊणपट म्हणजे साडेदहा. साडेदहाला भरती पुरी." तक्त्याशी ताडून पाहिलं तर पाऊण तासाच्या आत होतं! बाई चकित, मी पण. तिथीची पाऊणपट हा आपल्या मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा हिशोब, लहानपणापासून ऐकलेला. पण जपून, हा तिथे निव्वळ योगायोग आहे. चंद्र डोक्यावर आल्यानंतर किती वेळाने भरती पूर्ण होते हे प्रत्येक किनाऱ्याच्या आकारावर आणि खोलीवर ठरतं आणि वर त्यांची घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे असतात, त्यामुळे तिथे जाऊन तिथीवर विसंबू नका, छापील तक्ताच बघा. पुनव-अवसेला उधाण आणि अष्टमीला भांग (पाणी कमी चढतं-उतरतं), हे मात्र तिथेही तसंच चालतं.

आम्हाला दोघींना मिळून एक डबल कयाक. आई पुढे, मी मागे, माझ्या पायाशी सुकाणूचे पेडल. वल्हं दोन्ही बाजूंना पातं असलेलं. शिकवणारा मुलगा म्हणाला, हाताने ओढू नका, कंबर फिरवा. मी मराठीत सांगितलं तर आई म्हणाली, "म्हंजे टोपली उचलतात तसं. टोपली कधी हातानं नाय उचलायची." पहिल्या दहा मिनिटांत तिला जमलं. माझ्या खांद्यांना संध्याकाळपर्यंत लागले.

सामानाबद्दल एक महत्त्वाचं. कयाकच्या कप्प्यांची तोंडं छोटी असतात, मोठी सॅक आत जातच नाही. सात-आठ छोट्या वॉटरप्रूफ पिशव्या करा, जड सामान मधल्या बाजूला. पाणी भरपूर घ्या, प्रत्येक कॅम्पवर न उकळता पिता येईल असं पाणी असतंच असं नाही. कचरा सगळा परत आणायचा, तिथे कचऱ्याचा डबाच नाही.

दहाच्या सुमारास निघालो, पाणी भरलेलं, आरशासारखं. डाव्या हाताला जंगल, उजवीकडे एडेल बेट. या बेटाचं नाव फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द्युरव्हिल १८२७ मध्ये आला तेव्हा त्याने बायकोवरून ठेवलं आणि बेट आणि किनारा यांच्यामधल्या पाण्याला त्याच्या जहाजाचं नाव, अ‍ॅस्ट्रोलेब. पार्कला ज्याचं नाव आहे तो डच एबल टास्मन त्याच्याही आधी, डिसेंबर १६४२ मध्ये पलीकडच्या उपसागरात आला होता. तिथल्या मूळच्या माओरी लोकांशी चकमक झाली, त्याची चार माणसं मेली आणि तो किनाऱ्यावर पाय न ठेवताच निघून गेला. पार्क झालं त्याला तीनशे वर्षं झाल्यावर, १९४२ मध्ये. त्यामागे पेरीन मॉनक्रीफ नावाच्या पक्षी अभ्यासणाऱ्या बाई होत्या, त्यांनी झाडतोडीविरुद्ध मोहीम चालवली.

एडेल बेटाजवळ वल्ही थांबवली तर पक्ष्यांचा इतका आवाज! या देशात मूळचे जमिनीवरचे सस्तन प्राणी नव्हतेच, फक्त वटवाघळं. बाहेरून आणलेले उंदीर आणि मुंगसासारखे स्टोट यांनी पक्ष्यांची अंडी-पिल्लं संपवली. या बेटावरून ते प्राणी काढून टाकलेत म्हणून तिथे तुई आणि बेलबर्ड एवढे बोलतात. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पहाटे बंदरावर असतो तसा गोंगाट हाय."

दोनच्या सुमाराला अँकरेजला लागलो. तंबू ठोकला, तेवढ्यात सँडफ्लाय. या बारीक काळ्या माश्या चावतात तेव्हा कळत नाही, रात्री खाज सुटते ती चार दिवस. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रिपेलंट घ्या. आईने माझ्या पायाला खोबरेल चोळून दिलं, त्याने जरा बरं वाटलं.

संध्याकाळी पाचला ओहोटी होती, तेव्हा टॉरेंट बेची खाडी चालत ओलांडता येते. सकाळी जिथे कयाक चालेल एवढं पाणी असतं तिथून आम्ही अनवाणी गेलो, पायाखाली वाळू आणि तिसऱ्यांची टरफलं, आणि पुढे जंगलात क्लिओपात्राज पूल नावाच्या दगडी डोहापर्यंत. पाणी बर्फासारखं. आईने पाय बुडवले, मी पूर्ण उतरले आणि दोन मिनिटांत बाहेर. ओहोटीच्या आधी आणि नंतर दोन-दोन तासच जाता येतं, म्हणून घड्याळ बघत परतलो.

रात्रीची गोष्ट सांगायलाच हवी. आम्ही आलो तेव्हाच आईने कयाक पार गवतापर्यंत ओढायला लावली होती. मी म्हटलं, एवढं वर कशाला, तर तिने वाळूवरची सुक्या शेवाळाची रेघ दाखवली, "काल पानी हितपर्यंत आलंय. उद्या पुनव. आज याच्या वर येणार." शेजारी दोन जर्मन मुली होत्या, त्यांची कयाक त्या रेघेच्या खालीच होती. आईने मला त्यांना सांगायला लावलं, मी सांगितलंही, पण त्या दमलेल्या होत्या, बघू म्हणाल्या. रात्री साडेअकराला आईने मला उठवलं. चंद्रप्रकाश इतका की टॉर्च लागत नव्हता. त्यांची कयाक तरंगत पंधरा-वीस फूट आत गेलेली. मी कमरेपर्यंत पाण्यात गेले, दोरी पकडली, आई काठावरून ओढत होती, तोवर मुलीही धावत आल्या. सकाळी त्यांनी आमच्यासाठी कॉफी करून आणली आणि आईच्या पायाशी बसून तिच्याकडून ती शेवाळाची रेघ कशी वाचायची ते शिकून घेतलं. मी फक्त भाषांतर करत होते.

दिवस तिसरा : मॅड माइल आणि बार्क बे

उन्हाळ्यात तिथे दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून निघायचं ते सकाळीच. साडेसातला पाण्यात होतो. टॉरेंट बेच्या पुढे जो उघडा खडकाळ पट्टा आहे त्याला मॅड माइल म्हणतात, थांबायला जागा फारशी नाही. वारा नव्हता, पण बाहेरच्या समुद्राच्या लाटा खडकावर आपटून परत येतात आणि येणाऱ्या लाटांना भेटतात, त्यामुळे पाणी कुठूनही उचलतं. कयाकचं नाक वर जायचं आणि आईच्या मांडीवर धप्पकन पाणी. तिच्या तोंडून एकवीरा आईचं नाव ऐकू यायला लागलं. मी विचारलं, भीती वाटते का, परत फिरायचं का? ती मागे न बघता म्हणाली, "माझ्याकडं नको बघू, लाटंकडं बघ." मग मी फक्त तिच्या खांद्यांकडे बघून वल्हं मारत राहिले. ती डावं मारेल तेव्हा मी डावं. चाळीस मिनिटं असतील, मला दोन तास वाटले.

बार्क बेला पोचलो तेव्हा भरती पुरी होत आलेली, त्यामुळे पुळणीच्या मागच्या खाजणात थेट कयाकने आत शिरता आलं. बाहेर लाटा आणि आत एकदम शांत, तळाची वाळू दिसतेय आणि खालून एक स्टिंगरे, म्हणजे आपला पाकट, सावलीसारखा सरकत गेला. आईने बोट दाखवून त्याचा भाव सांगितला!

बार्क बेचं नाव झाडाच्या सालीवरून. पूर्वी इथे राहणारे लोक चामडं कमवायला जंगलातून साल काढायचे. हे फलकावर वाचून दाखवलं तर आईला तिच्या आजोबांची आठवण आली. नायलॉन यायच्या आधी सुती जाळी असायची, ती कुजू नयेत म्हणून ऐनाची साल मोठ्या भांड्यात उकळून त्या लाल पाण्यात बुडवायचे, अख्ख्या वाड्यात तो वास असायचा. इतक्या वर्षांत हे मी तिच्याकडून कधीच ऐकलं नव्हतं.

दुपारी कॅम्पवर मोटुएकाचे एक आजोबा-आजी आले, स्वतःच्या छोट्या बोटीतून. आयुष्यभर सफरचंदाच्या बागेत काम केलेलं, आता रिटायर. त्यांनी दक्षिणेकडे गळ टाकून दोन कहावाई मासे आणलेले. ते फक्त मधला तुकडा काढून डोकं आणि बाकीचं टाकून देणार होते. आईचा जीव वरखाली व्हायला लागला. मी जाऊन विचारलं, डोकी आम्हाला देता का? आजोबांनी एक अख्खा मासाच दिला. आईने छोट्या सुरीने तो साफ केला, पाच मिनिटंही लागली नसतील, आणि आजोबा टोपी काढून उभे राहून बघत होते. मग शेगडीवर कालवण, लसूण, कोळी मसाला, चिंच नव्हती म्हणून शेवटी लिंबू, आणि भात. कहावाईचं मांस काळसर आणि तेलकट, बांगड्याच्या जवळचं. आजींना तिखट लागलं, पाणी पीत पीत खाल्लं पण सोडलं नाही, आजोबांनी तर डोकं चोखून खायला शिकून घेतलं. आईचं मत, "चिंच असती तर खरं कालवण झालं असतं."

याच गडबडीत वेका आला. कोंबडीएवढा तपकिरी पक्षी, उडता येत नाही पण चोरी पक्की येते. मसाल्याची पिशवी चोचीत धरून झुडपाकडे पळाला. आई त्याच्या मागे! बाजारात मांजरीला हाकलतात तसा आवाज काढला, त्याने पिशवी टाकली आणि पळाला. तंबूची चेन कायम लावून ठेवा, बूटसुद्धा बाहेर ठेवू नका.

बुकिंगबद्दल इथेच सांगते. कॅम्पसाठी सरकारी वेबसाइटवर आधी बुकिंग करावंच लागतं, डिसेंबर-जानेवारीत मिळणं कठीण, फेब्रुवारी बरा. फोनची रेंज जवळजवळ नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

दिवस चौथा : टोंगा बेट, ओनेटाहुटी आणि परत

सकाळी धुकं होतं. बार्क बेच्या पुढे टोंगा आयलंड मरीन रिझर्व्ह सुरू होतं, १९९३ पासून इथे मासेमारी पूर्ण बंद, शिंपलासुद्धा उचलायचा नाही. टोंगा बेटाच्या खडकांवर फर सील, माओरी नाव केकेनो. वीस मीटर लांब राहायचा नियम आहे, पण पिल्लांना नियम माहीत नसतो. दोन पिल्लं स्वतःच कयाकपर्यंत आली, उलटी झाली, पोटं दाखवली आणि आईच्या वल्ह्याच्या खालून गेली. आईने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि श्वास रोखून बसली. नंतर बराच वेळ तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या नातवंडांच्या जन्मानंतर पाहिलं होतं.

मग तिने मला न आवडणारा पण बरोबर प्रश्न विचारला. "बंदी चांगली. पण इथले कोळी कुठं गेले?" आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात, ते आम्ही पाळतो, मासा अंडी घालतो हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण तीस-तीस वर्षं बंद म्हटलं की माझ्या मनात तरी आधी मामांचा विचार येतो. आणि तरीही त्या पाण्यात खाली दिसणारे माशांचे थवे बघून वाटलं की आपल्या खाडीच्या एखाद्या कोपऱ्यात, कोळीवाड्याने स्वतः ठरवून, असं काही झालं तर मामाच पहिले राखायला उभे राहतील. यावर आम्ही ओनेटाहुटीपर्यंत बोलत होतो.

वाटेत टोंगा क्वारीला थांबलो. इथून काढलेला ग्रॅनाइट नेल्सनच्या चर्चच्या मोठ्या पायऱ्यांना लावलाय, ज्यांवर आम्ही पहिल्या दिवशी बसून आइस्क्रीम खाल्लं होतं. ओनेटाहुटी म्हणजे लांबच लांब पुळण. आमच्या कयाकला त्याच्या पुढे परवानगी नव्हती, तिथूनच वॉटर टॅक्सी येऊन आम्हाला कयाकसकट उचलणार होती. परतीला ही सोय नक्की घ्या, त्यामुळे वाऱ्याच्या उलट वल्हवावं लागत नाही.

टॅक्सी आली. चालवणारी एक बाई, पन्नाशीची, एकटीच. तिने एका हाताने कयाक वर घेतली, दुसऱ्याने दोरी बांधली, बोट मागे घेतली. आई बघतच राहिली. मला म्हणाली, "विचार तिला, किती वर्षं?" बावीस वर्षं. "तांडेलाची परीक्षा दिली का?" (तांडेल म्हणजे बोट चालवणारा.) दिली. "घरचे काय म्हणाले?" मी हे इंग्रजीत कसं विचारायचं याचा विचार करत होते, पण विचारलं. ती म्हणाली, वडिलांनीच शिकवलं, भावाला बोट लागायची. आईने बोट लागायची याचा अर्थ विचारला, मी सांगितलं, उलट्या व्हायच्या. मग त्या दोघी इतक्या हसल्या की मागचे प्रवासी बघायला लागले. तिने आईला पुढे आपल्या शेजारी उभं केलं आणि माराहाऊपर्यंत किनारा दाखवत राहिली. उत्तरेकडच्या आवारोआ पुळणीचं पण तिनेच सांगितलं. ती खाजगी मालकीची जागा २०१६ मध्ये विक्रीला निघाली, तर जवळजवळ चाळीस हजार लोकांनी वर्गणी काढून वीस लाख डॉलरहून जास्त जमवले, जागा विकत घेतली आणि पार्कला देऊन टाकली. आईने तिला विचारलं, तू दिलेस का? ती म्हणाली, पन्नास डॉलर.

माराहाऊला ओहोटी लागलेली. ट्रॅक्टर पाण्यात उभाच होता, बोट ट्रेलरवर चढली आणि आम्ही बोटीत बसूनच गावात आलो. उतरताना त्या बाईने आईचा तळहात बघितला, फोड आले होते. खिशातून पट्टी काढून स्वतः लावून दिली.

परत आल्यावर पहिल्या रविवारी आई वेसाव्याला गेली, मामांच्या छोट्या होडीत जाऊन बसली आणि मामांना म्हणाली, सोड पाण्यात. मामांनी सोडली. खाडीतून मढच्या धक्क्यापर्यंत आणि परत, वल्हं आईच्या हातात. मी काठावर उभी होते. उतरल्यावर मामांनी विचारलं, कसं वाटलं? आई म्हणाली, "तुमचं वल्हं बरोबर नाय. एकाच बाजूला पातं हाय, दुसरं पण लावून घे."